वाढत्या अंगाचा टर्बो

शाळा सुरू होताना आई मुलाला दोन बोटं मोठाच शर्ट घेते. वर्षभरात अंगाला बसेल, हा हिशेब. आपल्याकडे गाडी शर्यतीसाठी बांधणारी मंडळी टर्बोही याच हिशेबाने घेतात. ‘घ्यायचाच तर मोठा घे, पुढेमागे ताकद वाढवायची झाली तर परत खर्च नको,’ हे वाक्य मी गॅरेजांतून इतक्या वेळा आणि इतक्या जाणत्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे, की त्याचं खंडन एकदा नीट व्हायला हवं. सैल शर्टाच्या बाह्या दुमडता येतात. टर्बो दुमडता येत नाही.

वादाची हद्द आधी सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९चा निकाल पाहता, नोंदणीतल्या मूळ तपशिलांत फरक पडेल असा बदल रस्त्यावरच्या गाडीत करता येत नाही. म्हणून पुढचं सगळं ट्रॅकसाठी बांधलेल्या गाडीबद्दल आहे. घाटात कुणाला मागे टाकायचं असेल, तर त्याला माझ्याकडे सल्ला नाही.

पूर्वपक्षाचा पहिला आधार म्हणजे बूस्टचा आकडा. ‘हा टर्बो दोन बार देतो’ म्हटलं की समोरचा गप्प होतो. पण बूस्ट म्हणजे इनटेकमध्ये तुंबलेला दाब. पेट्रोल जळतं ते हवेच्या वजनावर. तीनशे हॉर्सपॉवर हवी असेल तर पेट्रोल इंजिनाला मिनिटाला साधारण १५ किलो हवा लागते. सात फूट लांब, सात फूट रुंद आणि नऊ फूट उंच खोलीत मावते तेवढी हवा इंजिन एका मिनिटात पिऊन टाकतं. ही हवा टर्बोने किती सहज दिली, हा खरा प्रश्न आहे. बाहेर ३५ अंश तापमान असताना दाब दुप्पट केला आणि कॉम्प्रेसर ७५ टक्के कार्यक्षमतेवर चालत असला, तर हवा साधारण १२४ अंशांवर बाहेर पडते. तोच दाब ६० टक्क्यांवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरने दिला, तर १४६ अंशांवर. मीटरवर दोन्हीकडे बूस्ट एकच दिसतं. पण दुसऱ्या गाडीत इंटरकूलरवर जास्त भार येतो, इंजिन नॉक करायला लागतं आणि ट्यूनरला इग्निशन मागे घ्यावं लागतं. मग गेलेल्या ताकदीचं खापर पेट्रोलवर फुटतं.

दुसरा आधार जास्त पटणारा आहे, म्हणून जास्त घातक आहे: मोठा टर्बो आज कमी बूस्टवर चालवू, उद्या वाढवू. यातली चूक कारखान्यांच्याच आकड्यांत दिसते. स्कोडा ऑक्टेव्हिया आरएसच्या २३० पीएसच्या दोन लिटर इंजिनावर आयएचआयचा आयएस २० टर्बो येत असे. ऑडी एस ३ च्या ३०० पीएसच्या इंजिनावर आयएस ३८ येत असे. दोन्ही इंजिनं एकाच घराण्यातली, दोन्ही टर्बो एकाच जागी बसतात, म्हणून आरएसवाल्यांची पहिली नजर आयएस ३८ वरच जाते. आरएस आपला पूर्ण टॉर्क, ३५० न्यूटन-मीटर, १५०० आरपीएमलाच देते. एस ३ चे ३८० न्यूटन-मीटर १८०० पासून मिळतात, पण ते ५५०० पर्यंत टिकतात. आरएसचे ४६०० ला उतरू लागतात. वरचे नऊशे आरपीएम मिळवायला खालचे तीनशे द्यावे लागले. सौदा उत्तम आहे, पण सौदाच आहे. कारखान्याने एक पायरी चढताना एवढी किंमत मोजली. तीन पायऱ्या एकदम चढणारा किती मोजतो, ते मी शेजारच्या सीटवर बसून पाहिलं आहे.

कोइम्बतूरजवळचा कारी मोटर स्पीडवे जेमतेम २.१ किलोमीटरचा आहे, वळणं एकामागोमाग एक. मित्राच्या आरएसवर त्याने सहाशे हॉर्सपॉवरच्या लायकीचा टर्बो बसवला होता. वळण सुटताना त्याने पाय दाबला आणि काहीच झालं नाही. मी मनात एक, दोन मोजलं. मग बूस्टचा काटा एकदम उठला. तोवर पुढचं वळण समोर आलं होतं, स्टिअरिंग वळलेलं होतं, आणि पुढची दोन्ही चाकं जागेवर गरगरत गाडीला बाहेर ओढायला लागली. पाय सोडला तसा बॉनेटखालून कबुतरांचा थवा उडाल्यासारखा फडफडाट आला. पिटमध्ये उभ्या असलेल्या पोरांनी त्या आवाजाला टाळ्या दिल्या. मला मात्र तो ऐकवत नव्हता, कारण तो सर्ज होता. हवा पुढे जायला जागा नाही म्हणून ती कॉम्प्रेसरवर उलटी आदळते, आणि प्रत्येक फडफडीचा हिसका शाफ्टच्या थ्रस्ट बेअरिंगला बसतो. तो शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेत असतो. त्या दिवशी माझा मित्र मूळ टर्बोवरच्या स्वतःच्याच वेळेपेक्षा मागे राहिला.

यावर उत्तर ठरलेलं असतं: बॉल बेअरिंगचा घ्या, लॅग (पाय दाबल्यापासून बूस्ट येईपर्यंतचा उशीर) जातो. कमी होतो, हे मान्य. बोर्गवॉर्नरच्या ईएफआर मालिकेतलं टायटॅनियम-अल्युमिनाइडचं हलकं टर्बाइन व्हील लवकर फिरतं, हेही खरं. पण बेअरिंग बदलल्याने कॉम्प्रेसरची सर्ज रेषा, म्हणजे जिच्यापलीकडे हवा उलटी आदळू लागते ती हद्द, आपल्या इंजिनाच्या सोयीने सरकत नाही. एक्झॉस्ट हाउसिंगचं तसंच आहे. लहान ए/आर घेतला, म्हणजे हाउसिंगची वाट अरुंद ठेवली, तर टर्बो लवकर उठतो आणि वरच्या आरपीएमला एक्झॉस्टचाच गळा आवळतो.

माझं मंडन असं आहे की टर्बो सगळ्यात शेवटी निवडावा. आधी ट्रॅक ठरवा. सह्याद्रीतल्या अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ रेषेत पळायचं असेल, तर इंजिन सतत वरच्या आरपीएमला राहतं. तिथे मोठा टर्बो शोभतो आणि मी त्याला नाव ठेवणार नाही. कारीवर शोभत नाही. मग गिअरबॉक्स पाहा. आपल्याकडच्या ऑक्टेव्हिया १.८ टीएसआयमधला सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी २५० न्यूटन-मीटरसाठी बांधलेला आहे आणि इंजिन कारखान्यातून निघतानाच २५० देतं. तिथे टर्बोचा कॅटलॉग उघडण्याआधी क्लचचा खर्च काढायला हवा. पेट्रोलचाही हिशेब हवा: १५ किलो हवेला सव्वा किलो, म्हणजे मिनिटाला पावणेदोन लिटरच्या आसपास. पंप आणि इंजेक्टर तेवढं देतात का?

हे झालं की कॉम्प्रेसर मॅप मागा. आडवी हवा, उभं दाबाचं गुणोत्तर, आणि मधे कांद्याच्या चकतीसारखी एकात एक कडी. सगळ्यात आतलं कडं सर्वाधिक कार्यक्षमतेचं. दोन लिटरच्या इंजिनाला सव्वा बारच्या आसपास बूस्टवर ३००० आरपीएमला साधारण साडेसहा किलो हवा लागते आणि ६५०० ला चौदा-पंधरा. हे दोन ठिपके पेन्सिलीने काढा. सहाशे हॉर्सपॉवरच्या टर्बोच्या मॅपवर पहिला ठिपका सर्ज रेषेच्या डावीकडे किंवा अगदी कडेला पडतो, आणि मित्राच्या गाडीचं दुखणं कागदावरच दिसतं. उंचीही धरा. समुद्रसपाटीपासून हजार मीटरवर हवेचा दाब सुमारे ११ टक्के कमी असतो. इनटेकमध्ये तोच दाब हवा असेल तर गुणोत्तर वाढतं, ठिपका वर चढतो, आणि मुंबईत आरामात चालणारा लहान टर्बो तिथे वेगाची मर्यादा ओलांडू शकतो.

मोठा घेणाऱ्याला मी खर्चिक म्हणत नाही. पैसे वाचवायच्या प्रामाणिक इच्छेनेच तो मोठा घेतो. पण दुकानदार मॅप देऊ शकत नसेल, नुसतं ‘साडेतीनशे सहज निघतात’ म्हणत कॉम्प्रेसर व्हील बोटाने फिरवून दाखवत असेल, तर तो टर्बो स्वस्त असो की महाग, मी तो काउंटरवरच ठेवून येतो. माझ्या मित्राने तो टर्बो विकून आयएस ३८ बसवला. पुढच्या खेपेला कारीवर वळण सुटताना त्याने पाय दाबला, तेव्हा मी ‘एक’ म्हणेपर्यंत गाडी निघाली होती.