बंधारा असावा, पण वाट ठेवून

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. माझी फी उसाच्या बिलातून भरली जाते आणि तो ऊस कृष्णेच्या अडवलेल्या पाण्यावर उभा आहे. इस्लामपूरला शिकायला येणाऱ्या आपल्यापैकी अनेकांची हीच कथा. तेव्हा बंधारे पाडा, असे मी म्हणणार नाही. पण ज्या पाण्याने आपल्याला शिकवले, त्यात आणखी कोणाचा वाटा आहे, हे विचारणे आपलेच कर्तव्य आहे.

बहे, नागठाणे, डिग्रज, सांगली, म्हैसाळ अशी कृष्णेवर बंधाऱ्यांची माळच आहे. त्यात कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याची रचना मोठी शहाणपणाची. पावसाळा सरला की खांबांच्या खाचांत बरगे बसवून पाणी अडवायचे आणि पुढच्या पावसाळ्याआधी बरगे काढून नदी मोकळी करायची. म्हणजे ही भिंत नव्हे, दार आहे. प्रश्न आहे तो दार केव्हा उघडायचे याचा.

पहिल्या पुराबरोबर चढणीचा मासा अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध वर निघतो. तोवर बरगे निघाले नाहीत, तर त्याची वाट खुंटते. उन्हाळ्यात बंधाऱ्याच्या वर तुडुंब पाणी, तर खाली उघडे खडक. साचलेल्या पाण्यात मळी आणि सांडपाणी मिसळले की प्राणवायू घटतो. मार्च २०२३ मध्ये सांगली-अंकली परिसरात कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला होता. घाण सोडणाऱ्याचा दोष बंधाऱ्यावर ढकलता येणार नाही. परंतु वाहती नदी घाण पातळ करते, थांबलेली नदी ती साठवते.

आमच्या गावच्या भोई आळीतला माझ्या बरोबरीचा मुलगा दहावीनंतर जाळे ठेवून मजुरीला लागला. शेतकऱ्याच्या पाण्याची पाळी ठरते, माशाची पाळी मात्र कोणी ठरवत नाही.

अमेरिकेत कोलंबिया नदीवर १९३० च्या दशकात बांधलेल्या बॉनव्हिल धरणाला माशांसाठी पायऱ्या ठेवल्या आहेत. आपल्याला सुरुवातीला एवढा खर्चही नको. बरगे पहिल्या पुराआधी निघावेत आणि उन्हाळ्यात एका गाळ्यातून बारीक धार चालू राहावी. पाणी वाया जाईल, असे कोणी म्हणेल. पण ते जाणार कोठे? खालच्या बंधाऱ्यात ते अडणारच आहे!

मित्रहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी सातबारा आहे. भोयाच्या घरी नदीचा सातबारा नाही. म्हणून ही मागणी त्याच्याआधी आपण, ऊसवाल्यांच्या मुलांनी, करायला हवी.