चहाला कॅफीन म्हणू नका

हृदयाची एमआरआय तपासणी एका कप चहामुळे चुकू शकते. हसू येईल, पण माझा मुद्दा नेमका तिथेच आहे.

आधी ही तपासणी काय ते पाहू. अँजिओग्राफीत हृदयाच्या रक्तवाहिन्या दिसतात. पर्फ्युजन एमआरआयमध्ये हृदयाच्या स्नायूपर्यंत रक्त पोहोचतंय का, ते कळतं. बुऱ्हाणपूरजवळच्या निंबोल्यात हा फरक कुणालाही समजेल, कारण तो केळीचा मुलूख आहे. ड्रिपची नळी पाण्याने भरलेली असली तरी ड्रिपर चोकअप असेल तर झाड कोरडंच राहतं. म्हणून शेतकरी नुसती नळी बघत नाही, बुंध्याची मातीही चाचपतो.

तपासणीत शिरेतून अ‍ॅडिनोसिन देऊन रक्तवाहिन्या रुंद करतात. मग गॅडोलिनियमचं इंजेक्शन देतात आणि ठोक्यागणिक चित्रं घेतात. रक्त नीट मिळालेला स्नायू उजळतो, कमी मिळालेला काळपट राहतो. क्ष-किरण लागत नाहीत. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या 'एमआर-इन्फॉर्म' या अभ्यासात ९१८ रुग्ण होते. एमआरआयवरून उपचार ठरवलेल्या गटात सुमारे ३६ टक्के लोकांवर स्टेंट किंवा बायपास करावी लागली. रक्तवाहिनीत तार घालून दाब मोजलेल्या गटात ४५ टक्के लोकांवर. तरीही वर्षभरात पहिल्या गटाची तब्येत दुसऱ्यापेक्षा वाईट निघाली नाही.

एवढी चांगली तपासणी, पण कॅफीन अ‍ॅडिनोसिनचा परिणाम कमी करतं. म्हणून १२ ते २४ तास आधी चहा-कॉफी बंद ठेवावी लागते. आता निंबोल्याची एखादी आजी डोळ्यांसमोर आणा. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि हातात इंग्रजी कागद, त्यावर 'कॅफीन टाळा'. ती पहाटे चहा घेऊनच इंदूरची नाहीतर जळगावची गाडी पकडणार. चहा नको, असं तिला कुणी म्हटलेलंच नाही! मग स्नायूला रक्त कमी पडत असूनही रिपोर्ट 'नॉर्मल' येऊ शकतो. 'श्वास रोखा' हे नीट कळलं नाही तर चित्र अस्पष्ट येतं. दमा किंवा किडनीचा त्रास आधी सांगायला हवा, हे कळलं नाही तर धोका आणखी वाढतो.

कुणी म्हणेल, तिकडे हिंदी सगळ्यांना येते ना? येते की. पण कॅफीन हिंदीतही कॅफीनच. आणि शुद्ध मराठीच्या हट्टाने 'हृत्स्नायू-रक्ताभिसरण-मापन' लिहिलं तरी आजीला काय कळणार? प्रश्न मराठी विरुद्ध हिंदीचा नाही, माणसाच्या रोजच्या शब्दांचा आहे. ही भाषा म्हणजे डॉक्टरांचं सौजन्य नव्हे, तो तपासणीचाच भाग आहे.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आपण स्टेटस ठेवले, भाषणं केली. आता आपल्या मंडळाने एक पान लिहावं, डॉक्टरांकडून तपासून घ्यावं आणि सीमेवरच्या गावांपर्यंत पोहोचवावं. पहिली ओळ मी सुचवते: 'आदल्या दिवसापासून चहा, कॉफी, कोला, चॉकलेट बंद. अर्धा कपसुद्धा नाही.'