यंत्राविना सापडलेल्या गाठी

नागपुरात धरमपेठेतल्या एका व्याख्यानानंतर एक विद्वान गृहस्थ उठले. म्हणाले, "ऑक्टोबर आला की गुलाबी रिबिनी निघतात. स्तनाच्या कर्करोगाची ही जागृती म्हणजे यंत्रवाल्यांचा धंदा. शोधत बसलं की आजार सापडतोच. आमच्या आया कुठे तपासायला जात होत्या?" टाळ्या पडल्या. वाजवणाऱ्यांत बायकाही होत्या, म्हणून हे लिहिते आहे.

आया जात नव्हत्या, हे खरंच. गाठ फुटून पदराला डाग पडेपर्यंत त्या कुणाला सांगतही नव्हत्या. ही परंपरा ज्याला मिरवायची त्याने मिरवावी. 'सुई टोचली की पसरतो' हे गृहस्थांचं दुसरं वाक्य. अहो, सुईच्या तपासणीशिवाय गाठ साधी की कर्करोगाची, हे ठरवायचं कसं?

पण धंद्याचा आरोप मला सोडवत नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलने १९९८ साली वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायका घेऊन अभ्यास सुरू केला. निम्म्या बायकांची दर दोन वर्षांनी, चार वेळा स्तनतपासणी झाली. मॅमोग्राफी नाही, डॉक्टरही नाही; शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी नुसत्या हातांनी तपासलं. बाकीच्यांना फक्त माहिती दिली. वीस वर्षांचा हिशेब डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये मांडला. माहितीवरच राहिलेल्यांत ४७ टक्के रुग्ण तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडल्या, तपासलेल्यांत ३७. पन्नाशीपुढच्या बायकांत या रोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत मृत्यू घटल्याचं दिसलं नाही, हेही सांगते, लपवायचं काय? पण यात यंत्र कुठे विकलं गेलं, ते गृहस्थांनी दाखवावं.

'शोधलं की सापडतं' हे मी मधुमेहाच्या वेळीही ऐकलं होतं. वीस वर्षांपूर्वी अशाच एका सभेत मी भांडले होते, की न मोजल्याने रक्तातली साखर कमी होत नाही. तेव्हाही टाळ्या समोरच्यालाच मिळाल्या.

खरा घात वेगळाच आहे. सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही. माझ्या मावशीने 'दुखत तर नाही ना' म्हणत एक उन्हाळा काढला, मग घरातलं लग्न काढलं. डॉक्टरकडे गेली तेव्हा काखेतही गाठी होत्या.

तिशीपुढच्या बायकांची अशी हातांनी तपासणी आता सरकारी कार्यक्रमातही आहे. आशाताई दारात आली तर तिला परत पाठवू नका. गाठ, त्वचेला पडलेली खळी, आत ओढलं गेलेलं बोंड, त्यातून येणारं रक्त, यातलं काहीही दिसलं तर सासूला, नवऱ्याला, जावेला, कुणाला तरी त्याच दिवशी सांगा. नागपुरात सरकारी मेडिकल आहे, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे, जामठ्याची कॅन्सर संस्था आहे. दिवाळी आटोपायची वाट पाहू नका, याच आठवड्यात जा.