बागुलबुवाच्या भुवया

गेल्या दिवाळीच्या चार दिवस आधीची गोष्ट. आमची नात, वय वर्षे साडेचार, वरणभातापुढे तोंड घट्ट मिटून बसली होती. घरात फराळाची धांदल. सौभाग्यवती चकलीच्या सोऱ्याशी झगडत होत्या आणि नातीला भरवण्याचे काम माझ्या गळ्यात पडले होते. दहा मिनिटे काऊचा घास, चिऊचा घास झाल्यावर माझा धीर सुटला, आणि निघू नये तेच तोंडातून निघाले.

"खा मुकाट्याने, नाहीतर त्या बोळातला बागुलबुवा येईल हं!"

घास गेला. मी स्वतःवर खूश! पण आमच्या ब्लॉकात न्हाणीघराकडे जायला तो एवढाच बोळ आहे, हे मी विसरलो होतो. रात्री पोर काही केल्या तिकडे जाईना. पहाटे अंथरूण ओले झाले.

चिरंजीव चार शब्द ओरडले असते तर बरे झाले असते. त्यांनी चादर बदलली, चहा घेतला आणि हळूच म्हणाले, "बाबा, मी दहा वर्षांचा होईपर्यंत जुन्या घरातल्या कोठीच्या खोलीसमोरून पळत जायचो. तुम्हाला ठाऊक होतं?"

मला ठाऊक नव्हते.

निस्तरायला हवे होते. मी नातीला जवळ घेऊन सांगितले, "अगं, बागुलबुवा नसतोच मुळी."

"मग काल तुम्ही खोटं बोललात?"

आता काय बोलणार? मी पाठकोरा कागद ओढला आणि म्हणालो, "असतो, पण तू समजतेस तसा नाही. चल, काढूनच बघू."

शाळेत एलिमेंटरीच्या परीक्षेला 'सी' श्रेणी मिळाली, तेथे माझी चित्रकला संपली. तरी मी जोरात सुरुवात केली. वर शिंगे, खाली सुळे, मध्ये वटारलेले डोळे. नात माझ्या पाठीमागे लपली. झाले, मी दुसरा बागुलबुवा तयार केला होता!

म्हणून पेन्सिल तिच्या हाती दिली. तिने एक मोठा बटाटा काढला. डोळे मी सांगितले असते त्याहून बरेच खाली काढले, आणि चांगले वाटीएवढे. मला वाटले, पोरीचा अंदाज चुकला. पण बटाट्याचा तो प्राणी एकाएकी तान्ह्या बाळासारखा दिसू लागला. पुढे वाचनात आले की यात शास्त्र आहे. कपाळ मोठे, डोळे मोठे आणि चेहऱ्याच्या मध्याखाली, गाल गुबगुबीत, असा चेहरा दिसला की माणसाच्या मनात माया दाटते, हे कोनराड लॉरेन्झ या ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञाने १९४३ साली मांडले होते. आमच्या नातीने काही लॉरेन्झ वाचलेला नाही.

दात दोनच, भाताच्या शितासारखे बोथट, मध्ये फट. डोळा तिसराही आला. "हा कशाला गं?" "बाथरूममध्ये पाणी सांडलंय का ते बघायला." रंग जांभळा. एक शिंग फारच वाकडे झाले होते. ते नीट करायला माझा हात शिवशिवत होता, पण आवरला. मोठ्या माणसाने एकदा रेघ 'सुधारली' की ते चित्र मुलाचे राहत नाही, आणि हा बागुलबुवा तिचाच व्हायला हवा होता.

राहिल्या भुवया. मी सवयीने नाकाकडे उतरत्या दोन रेघा ओढल्या. "हा रागावलाय," ती म्हणाली. रबराने खोडून तिने उलट्या काढल्या, कौलारू घराच्या छपरासारख्या, मध्ये उंच आणि बाहेर उतरत्या.

"आता घाबरलाय."

"कुणाला?"

"मला."

चित्र बोळाच्या भिंतीवर, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर चिकटवले. त्या रात्री ती माझे बोट धरून गेली, दुसऱ्या रात्री एकटी. जाताना त्याला "घाबरू नको हं" असे बजावून.

मॉरिस सेंडाक या अमेरिकन चित्रकाराने १९६३ साली मुलांसाठी 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' हे राक्षसांचे पुस्तक काढले. मूळ बेत म्हणे घोड्यांचा होता. घोडे नीट काढता येईनात म्हणून राक्षस आले. मुले भितील अशी काळजी तेव्हा मोठ्यांनाच पडली होती. पुस्तकाला पुढच्या वर्षी कॅल्डेकॉट पदक मिळाले. त्या राक्षसांचे चेहरे कोठून आले, तर ब्रुकलिनच्या घरी रविवारी जेवायला येणाऱ्या, गालगुच्चे घेत "खाऊन टाकीन हं" म्हणणाऱ्या नातेवाईक मंडळींवरून, असे सेंडाक सांगत. हे वाचून मी आरशात पाहिले.

असो. नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी मंडईतून कारिटे आणली होती. गोव्यात त्या पहाटे नरकासुराचे भले थोरले पुतळे जाळतात. आमचा नरकासुर म्हणजे अभ्यंगस्नानानंतर डाव्या पायाच्या अंगठ्याखाली फुटणारे कडू कारीट. पहाटे चिरंजीव न्हाऊन आले, पाय उचलला आणि तसेच थांबले. कारिटावर स्केचपेनने काढलेला चेहरा होता. भुवया छपरासारख्या.

"बाबा, नको! तो घाबरलाय!"

"शास्त्र ते शास्त्र," सौभाग्यवती आतून म्हणाल्या. फटाके सुरू झालेले, उटण्याचा वास सुटलेला, आणि आमचे चिरंजीव एका पायावर. नातीने क्षणभर विचार केला. धावत जाऊन स्केचपेन आणले, पिशवीतून दुसरे कारीट काढले, त्यावर नाकाकडे उतरत्या दोन जाड भुवया ओढल्या आणि ते बापाच्या पायाशी ठेवले.

"हा चालेल."

फट्कन फुटले. मग तिनेही एक फोडले.

घाबरलेले कारीट भाऊबिजेपर्यंत बोळाच्या तोंडाशी बसून होते, मग सुरकुतले. चित्र मात्र अजून भिंतीवर आहे. एका कोपऱ्याची चिकटपट्टी सुटते, आणि रात्री न्हाणीघराकडे जाताना चिरंजीव ती अंगठ्याने पुन्हा दाबून ठेवतात.