झडप बदलली; हृदयाचे काय?

दिल्ली अथवा लखनौ येथे हृदयाची झडप बदलून झाशीस परतलेला रुग्ण आपण पूर्ण बरे झालो असे मानून पुष्कळदा औषधे सोडतो. ही समजूत घातक होय. संधिज्वराने झडप गळकी झाली, की डाव्या कप्प्याच्या स्नायूवर वर्षानुवर्षे जादा भार पडतो. नवी झडप तो भार उतरविते. थकलेला स्नायू मात्र तेवढ्याने सबळ होतोच असे नाही.

अशा क्षीण हृदयास एनालाप्रिल, बीटा-रोधके व स्पायरोनोलॅक्टोन ही औषधे आधार देतात. हृदयाच्या तीव्र दुर्बलतेत एनालाप्रिलने मृत्यू घटतात हे १९८७ मध्ये, तर स्पायरोनोलॅक्टोनविषयी तेच १९९९ मध्ये दिसून आले. ते प्रयोग झडप बदललेल्या रुग्णांसाठी योजिलेले नव्हते. म्हणून येथे मात्रा जपून वाढवावी लागते. रक्तदाब, मूत्रपिंडांचे कार्य व रक्तातील पोटॅशियम वारंवार तपासावे लागते.

एवढ्यासाठी दर वेळी शेकडो मैलांचा प्रवास गरिबास परवडणार नाही. झाशीत १९६८ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयाने रुग्णास घरी धाडतानाच औषधांचे लेखी टिपण झाशीच्या वैद्यांकडे पाठवावे व पुढील तपासणी तेथेच व्हावी, असे आमचे मत आहे.