खटारा कोणी ओढला?



आपल्या बाजूची एस. टी. सोलापूर रस्त्याने पुण्यात शिरली की स्वारगेटला उतरवते. स्टँडच्या बाहेर जो चौक आहे, त्याचे नाव जेधे चौक. डोक्यावरून जाणारा पूलही केशवराव जेध्यांच्याच नावाचा. 2024 सालापासून खाली जमिनीच्या पोटात मेट्रोचे स्टेशनही झाले आहे. या चौकात रोज हजारो शेतकऱ्यांची पोरे बोचकी घेऊन उतरतात. कोणी स्पर्धा परीक्षेला, कोणी हॉटेलात, कोणी कंपनीत कंत्राटावर.

मागे एकदा लातूरच्या गाडीची वाट बघत मी तिथे उभा होतो. शेजारी औशाकडचा एक पोरगा. वडिलांनी ज्वारी सोडून सोयाबीन धरले, आता तेही परवडत नाही म्हणत होता. मी पाटीकडे बोट दाखवून विचारले, "हे जेधे कोण, माहीत आहे का?" म्हणाला, "नाही सर. कुणीतरी स्वातंत्र्यसैनिक असतील." मग मी शेतकरी कामगार पक्षाचे नाव काढले, तेव्हा त्याचा चेहरा उजळला. "आमचे आजोबा लाल बावट्याचे. मरेपर्यंत खटाऱ्यावर शिक्का मारायचे."

आजोबा खटाऱ्यावर शिक्का मारतात, आणि तो खटारा ज्यांनी जुंपला त्यांचे नाव नातवाला माहीत नाही. यात पोराची चूक नाही. ही गोष्ट आपल्याला कोणी सांगितलीच नाही. मी कृषी महाविद्यालयात चार वर्षे काढली. तिथे संकरित ज्वारीच्या दोन ओळींतले अंतर शिकवले, पण ज्वारी पिकवणाऱ्याने 75 वर्षे कोणाला मत दिले आणि का दिले, हे शिकवले नाही.

तर गोष्ट अशी. केशवराव जेधे पुण्याचे, सत्यशोधक आणि ब्राह्मणेतर चळवळीत वाढलेले, पुढे बहुजन समाजाला काँग्रेसमध्ये आणणाऱ्यांपैकी एक. स्वातंत्र्य मिळत होते तेव्हाच त्यांना, शंकरराव मोऱ्यांना आणि त्यांच्या सोबत्यांना दिसू लागले की राज्य येते आहे ते शेतकऱ्याचे नव्हे. 1947 साली काँग्रेसच्या पोटातच त्यांनी शेतकरी कामगारांचा गट बांधला आणि 1948 साली बाहेर पडून पक्ष काढला. तुळशीदास जाधव होते, प्रतिसरकारवाले क्रांतिसिंह नाना पाटील होते, दत्ता देशमुख होते. अशी माणसे एका फडावर पुन्हा जमली नाहीत. 1950 साली नाशिक जिल्ह्यातल्या दाभाडीला पक्षाने मार्क्सवाद-लेनिनवादाची दीक्षा घेतली. मॉस्कोकडे बघून शेती सुधारण्याचे ते दिवस होते.

पुढे काय झाले? दत्ता देशमुखांनी लाल निशाणाची वेगळी वाट धरली. नाना पाटील कम्युनिस्ट पक्षात गेले. आणि 1954 साली खुद्द जेधे काँग्रेसमध्ये परतले. मोरेही परतले. म्हणजे खटारा जुंपणाऱ्यांनी सहा-सात वर्षांत जू खाली ठेवले. 1959 साली जेधे वारले आणि 1960 साली बारामतीला लोकसभेची पोटनिवडणूक लागली. काँग्रेसचे उमेदवार जेध्यांचे चिरंजीव गुलाबराव. शेकापचे उमेदवार वसंतराव पवार. वसंतरावांचे धाकटे बंधू शरदराव तेव्हा ऐन तरुण, आणि घरात आई शेकापची, भाऊ शेकापचा उमेदवार असताना ते प्रचार करत होते काँग्रेसचा. निवडून आले गुलाबराव.

मोठ्या माणसांना शिव्या घालायला हे लिहीत नाही. संयुक्त महाराष्ट्रासाठी जेध्यांनी पुढेही झीज सोसली. पण ते परत का गेले, याचा विचार आपण आपल्या बांधावर उभे राहून केला पाहिजे. माझे मत सांगतो, पटले नाही तर बैठकीत भांडा. 'शेतकरी' हा एक शब्द पाटीवर लिहिला, पण त्या शब्दाखाली दोन शेतकरी उभे होते. एक पाटाच्या पाण्याचा, दुसरा आभाळाकडे बघणारा. 1950 साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले आणि पाटाच्या पाण्यावाल्याला आपले घर सापडले. कारखाना, सोसायटी, बँक, आमदारकी, सगळे काँग्रेसच्या ओसरीवर. त्याला लाल बावट्याची गरज उरली नाही. पुढारीही त्याच्याबरोबर गेले, कारण पुढारी बहुतेक त्याच्यातलेच होते.

ज्याला कारखाना मिळाला नाही तो कुठे जाणार? तो मागेच राहिला. आणि खटारा त्यानेच ओढला.

1977 सालचा लोकसभेचा निकाल काढून बघा. शेकापचे पाच खासदार निवडून आले. कुलाब्यातून दि. बा. पाटील आणि कोल्हापुरातून दाजीबा देसाई. बाकीचे तिघे मराठवाड्यातले. लातूरहून उद्धवराव पाटील, नांदेडहून केशवराव धोंडगे, परभणीहून शेषराव देशमुख. पाचातले तीन कापूस-ज्वारीच्या काळ्या रानातले! पुण्यात जन्मलेल्या पक्षाला खांदा दिला तो आपल्या आजोबांनी. पुढच्याच वर्षी विधानसभेत 13 आमदार आले, पुलोदचे सरकार बसले, एन. डी. पाटील सहकारमंत्री झाले. 1980 साली दिल्लीने ते सरकार मोडले.

याच पक्षातून घडलेल्या माणसांनी कोरडवाहूचे काय भले केले, तेही सांगितले पाहिजे. दत्ता देशमुख, दांडेकर आणि देऊस्कर यांनी 1979 साली सरकारला सांगितले की धरणाचे पाणी बारमाही उसाला न देता आठमाही द्या, म्हणजे ते जास्त रानांत पोचेल. कागद चांगला होता. धरणाखालच्या उसाने तो पचवून टाकला. 1993 साली आटपाडीला नागनाथअण्णा नायकवडींनी 13 दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद उभी केली आणि वर्षानुवर्षे चालवली. तिच्यात सांगोल्याचे गणपतराव देशमुख होते. आज टेंभूचे पाणी त्या बाजूला दिसते, त्यामागे हा रेटा आहे.

गणपतराव 1962 साली पहिल्यांदा आमदार झाले आणि एकाच तालुक्यातून, एकाच पक्षाकडून 11 वेळा निवडून आले. दोनदा पडलेसुद्धा, पण पक्ष सोडला नाही. कोरड्या सांगोल्यात शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी करून ती चालवून दाखवली. कापूस पिकवणाऱ्या आपल्या किती तालुक्यांत सूतगिरणीच्या नावाने नुसत्या भिंती उभ्या आहेत, हे मी सांगायला नको. 2021 साली ते गेले. त्याआधी 2019 साली त्यांचा नातू 768 मतांनी पडला होता. 2024 साली दुसरा नातू निवडून आला. 288 आमदारांत शेकापचा आज तेवढा एक.

इथे मला खटकते. एका माणसाच्या सचोटीवर एक तालुका साठ वर्षे तरतो, ही अभिमानाची गोष्ट खरीच. पण त्या सचोटीने ज्वारीचा भाव ठरत नाही. सांगोल्याला लागून मंगळवेढा, तिथली मालदांडी नावाजलेली. मोहोळच्या संशोधन केंद्रातून निवडलेली एम 35-1 आजही आपल्या रबीचा आधार आहे. वाण टिकला, भाकरी टिकली, पण भावाची लढाई तालुक्याच्या शिवेवर थांबली. कंधारला धोंडगे, सांगोल्याला देशमुख, अलिबागला पाटील, ज्याचा त्याचा गड. गडावरून दिल्ली दिसत नाही.

दुसरी खोट विचाराची. सरकारने माल विकत घेतला की शेतकरी वाचेल, असा डाव्या पक्षांचा भाबडा विश्वास होता. 1964-65 साली सरकारने ज्वारीची एकाधिकार खरेदी आणली, 1972 साली कापसाची. सरकारच व्यापारी झाले. जिल्हाबंदी, राज्यबंदी, ग्रेडरची मर्जी, चुकाऱ्यासाठी हेलपाटे हे ज्यांनी भोगले ते अजून गावात आहेत, त्यांना विचारा. म्हणून सगळे व्यापाऱ्यावर सोडा, असे मी म्हणत नाही. 2025 साली ऑगस्टमध्ये, बोंडे फुटायच्या आधी, दिल्लीने कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क माफ केले आणि ती माफी डिसेंबरअखेर चालवली. मध्यम धाग्याचा हमीभाव कागदावर 7,710 रुपये, आणि दार बाहेरच्या गाठींना उघडे! एकाधिकारात सरकारने आपल्याला बांधून मारले, आता दार उघडून मारते. मारणारा हात तोच. हे ओळखायला दाभाडीचा प्रबंध पुरला नाही.

हे फक्त आपल्याकडेच घडले असेही नाही. ज्या रशियाकडे बघून दाभाडीला ठराव झाला, तिथे सोव्हिएत राज्य कोसळल्यावर 1993 साली शेतकऱ्यांच्या नावाने अ‍ॅग्रेरियन पक्ष निघाला. पुढाकार कोणाचा, तर सामुदायिक शेतांच्या साहेब लोकांचा. 2008 साली तो सत्ताधारी पक्षात विरघळला. पाटीवर शेतकरी, ओसरीवर साहेब. गडी तिकडचे, फड आपल्याच ओळखीचा.

तेव्हा उद्या कोणी लाल, हिरवा, भगवा, कोणताही बावटा घेऊन आपल्या पारावर आला, आणि पक्षाच्या नावात 'शेतकरी' असले, तर त्याला आधी विचारा : कोणता शेतकरी? जाहीरनाम्यात कापूस आणि ज्वारी कितव्या पानावर आहे? आयात शुल्कावर तुमचा आमदार, खासदार कुठे, कधी बोलला? धरणातले आठमाही पाणी मागायची तुमच्या कारखानदार नेत्यासमोर छाती आहे का? आणि तुम्ही परत जाणार असाल तर कधी जाणार, ते आत्ताच सांगा, म्हणजे आम्ही बैल सोडून घेऊ.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने मागच्या हंगामाच्या कापसाच्या आणि ज्वारीच्या विक्रीच्या पट्ट्या घेऊन याव्यात. हमालीतोलाई कापून हातात किती पडले, ते पट्टीच्या मागे पेन्सिलीने लिहावे. संकरित ज्वारीचा 2025-26 चा हमीभाव 3,699 रुपये आहे. आपली पट्टी त्याच्या किती खाली, हे गावागावाने एकत्र मांडू. ज्या पक्षाचा माणूस भाषणाला येईल, त्याला भाषणाआधी तो गठ्ठा वाचायला देऊ.