कॉफी, जायफळ आणि रात्रीचे दोन

चहा हे आम्हा रत्नागिरीकरांचे रोजचे पेय, कॉफी निमित्ताची. एकादशी असो, जागरण असो, की दिवाळीत उशिरा उतरलेले मुंबईचे पाहुणे असोत. दूध चढते, कॉफी पडते आणि वरून जायफळ किसले जाते. त्या वासानेच निम्मा शीण उतरतो.

यातली कॉफी घाटावरून आलेली. बाबा बुडन या सूफी साधूने येमेनमधून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी कथा आहे. जायफळ मात्र घरचे. आमच्या नारळी-पोफळीच्या सावलीत ते सुखाने वाढते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने त्याचे ‘कोकण सुगंधा’ नावाचे वाणही काढले आहे.

आता गंमत पाहा. कॉफी प्यायची ती झोप उडावी म्हणून, आणि जायफळ उगाळायचे ते झोप लागावी म्हणून! मग एकाच कपात या दोघांचे भांडण होत नाही काय?

होत नाही, कारण जोडी विषम आहे. जायफळ पडते चिमूटभर, केवळ वासापुरते. (ते चमचा-दोन चमचे पोटात गेले तर मात्र छाती धडधडते, उलट्या होतात, भ्रमही होतो.) उलट कॉफीच्या साध्या कपात साठ-सत्तर मिलिग्रॅम कॅफीन असते. १८१९ साली रुंगे या जर्मन रसायनज्ञाने ते प्रथम वेगळे काढले.

आपण जागे असतो तसतसे मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते. ते आपल्या ठरल्या जागी जाऊन बसले की डोळे जड होतात. कॅफीन त्याच जागा आधीच अडवून बसते. शीण जात नाही. शिणाचा निरोप तेवढा पोचत नाही. आणि हा पाहुणा लवकर उठतही नाही. रात्री नऊला घेतलेल्या कॅफीनपैकी साधारण निम्मे रात्री दोनलाही अंगात असते. रोजची सवय असलेल्याचे एकादशीला डोके धरते, तेही पुष्कळदा उपासाने नव्हे, चुकलेल्या कपाने.

आमच्या शेजारच्या सूनबाईंना सातवा महिना होता. रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. महिन्याने पाहिले तर रक्त जिथल्या तिथे.

“भावोजी, या गोळ्यांत काही दमच नाही,” सासूबाई म्हणाल्या.

“वहिनी, गोळी कशाबरोबर घेते ती?”

“कॉफीबरोबर! सकाळी दुसरे काही पोटात ठरत नाही हो तिच्या.”

मी त्यांना डॉक्टरांना हेच सांगायला सुचवले. डॉक्टरांनी औषध तेच ठेवले, वेळ तेवढी बदलली. कॉफीतली क्लोरोजेनिक आम्लासारखी द्रव्ये लोहाला आतड्यातच धरून ठेवतात, चहाचेही तेच. म्हणून गोळी लिंबूपाण्याबरोबर, आणि चहा-कॉफी दोन तास दूर. शिवाय गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत कॅफीन उतरायला तिप्पट वेळ लागू शकतो, आणि ते वारेतून बाळापर्यंत पोचते. दिवसाला दोनशे मिलिग्रॅमच्या आत राहावे, असे तज्ज्ञ सांगतात. त्या हिशेबात चहाही धरायचा. पुढच्या तपासणीत सूनबाईंचे रक्त वाढलेले दिसले, तेव्हा वहिनींनी गोळ्यांवरचा आरोप मागे घेतला.

याचा अर्थ कॉफी वैरीण, असा मुळीच नाही. बेताने कॉफी पिणाऱ्यांत यकृताचे विकार आणि मधुमेह कमी आढळतात, असे अनेक पाहण्यांत दिसले आहे. धडधाकट माणसाला दिवसाकाठी तीन-चार कप सहसा बाधत नाहीत.

तेव्हा यंदाच्या फराळाबरोबर कॉफी खुशाल करा, जायफळही किसा. रात्री नऊनंतर आलेल्या पाहुण्याला मात्र आधी एवढेच विचारा: “झोपायचे आहे, की गप्पा मारायच्या आहेत?”